दुपारपर्यंतही न टिकणारा पॅच: निपाणी भागातलं बिडी सोडण्याचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही तारखा बदलल्या आहेत. औषधं, मात्रा आणि निर्णयांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना तंबाखू सोडायला मदत करणारे समुपदेशक, परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासाठी हे टिपण आहे.

पार्श्वभूमी

वय ४६, वजन ४८ किलो. निपाणीजवळच्या खेड्यात राहणारे, तंबाखूच्या वखारीत जर्दा चाळण्याचं आणि पोती भरण्याचं काम करणारे गृहस्थ. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने निपाणीचं नाव देशभर पोचवलं. इथे तंबाखू हे आधी पोटापाण्याचं साधन आहे, व्यसन त्यानंतर. ज्याची रोजची हजेरीच तंबाखूच्या धुळीत लागते त्याला "तंबाखूपासून लांब राहा" म्हणणं म्हणजे काम सोडायला सांगणंच आहे. या प्रकरणात हे सुरुवातीलाच कळायला हवं होतं. ते उशिरा कळलं.

एचआयव्हीचं निदान २०१४ सालचं. तेव्हापासून टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाविरेन्झ अशी तिहेरी गोळी रोज रात्री एक. २०२१ मध्ये एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर आलं, म्हणजे टीएलडी. गोळ्या कधी चुकल्या नाहीत आणि विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दाबलेला राहिला. निदान पत्नीला माहीत होतं, वखारीत कुणालाच नाही. ते कळू नये ही भीती पुढच्या सगळ्या घटनांमागे आहे.

बिड्या रोज २५ च्या आसपास, म्हणजे एक बंडल. उठल्यावर दहा मिनिटांच्या आत पहिली. निकोटिनचं अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत १० पैकी ७ गुण, म्हणजे अवलंबित्व मोठं. बिडीचं पान सच्छिद्र नसतं आणि ती सारखी विझते, त्यामुळे पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल ओढावे लागतात. म्हणून बिडीला "छोटी सिगारेट" समजून औषधाची मात्रा कमी ठेवू नये.

डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत, उपचार नीट चालू असलेल्या ३५ वर्षांच्या एचआयव्हीबाधितांचं आयुष्य धूम्रपानामुळे सरासरी १२.३ वर्षांनी आणि एचआयव्हीमुळे ५.१ वर्षांनी घटलेलं दिसलं. विषाणूभार दाबला की काम झालं, असं मानून बिडीचा विषय पुढच्या भेटीवर ढकलणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

आधीचे प्रयत्न

२०१९ मध्ये २ मिलिग्रॅमची निकोटिन च्युइंगम देण्यात आली. आठ दिवसांत तोंडाची आग, उचक्या, पोटात जळजळ, आणि बिडी पुन्हा सुरू. नोंदीत लिहिलं गेलं: "रुग्णाची इच्छाशक्ती कमी".

प्रत्यक्षात तीन चुका झाल्या होत्या. पहाटे उठताच बिडी लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गम द्यावी लागते. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून ती दिली गेली. दुसरं, पाकिटावरची सूचना इंग्रजीत होती आणि त्यांना मराठीशिवाय काही वाचता येत नव्हतं. साध्या गमसारखी ती सलग चघळल्याने निकोटिन लाळेबरोबर पोटात गेलं. तिसरी चूक चहाची.

ही चूक नंतर समुपदेशक ताईंनी त्यांच्याच भाषेत समजावली. "मामा, तंबाखूत चुना कशाला मळतात?" उत्तर लगेच आलं, "त्याबगर चढत न्हाई की ताई." हेच तर सांगायचं होतं. निकोटिन गालातून रक्तात उतरायला तोंडात क्षार लागतो. चुना तेच करतो, आणि गममध्येही त्यासाठी क्षार घातलेला असतो. गमच्या आधी पंधरा मिनिटांत किंवा गम तोंडात असताना चहा, ताक, लिंबूपाणी घेतलं की तो क्षार मरतो आणि गम वाया जाते. रीत अशी: झणझणेपर्यंत आठ-दहा वेळा चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झणझण विरली की पुन्हा चावायची. एक गम अर्धा तास पुरते.

२०२० मध्ये ब्युप्रोपिऑन या तलफ कमी करणाऱ्या गोळीचा विचार झाला आणि सोडून देण्यात आला. एफाविरेन्झ यकृतातलं सीवायपी२बी६ हे विकर (औषधं मोडणारं एन्झाइम) वाढवतं आणि त्यामुळे रक्तातलं ब्युप्रोपिऑन निम्म्याच्या आसपास घटतं. तो निर्णय बरोबर होता. मात्र त्याच वेळी गममागचं कारणही शोधायला हवं होतं.

अडचण

मे २०२२ मध्ये फुफ्फुसाच्या क्षयाचं निदान झालं. वजनानुसार चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन, दोन महिने, पुढे चार महिने तीन औषधं. क्षयाच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरची पातळी घटते, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी. हे सगळं नियमाप्रमाणे झालं. क्षय आणि बिडी एकत्र चालू ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुलैमध्ये २१ मिलिग्रॅमचा चोवीस तासांचा निकोटिन पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, सुरू केला.

दोन आठवड्यांनी त्यांची तक्रार अशी होती: "सकाळी बरं वाटतंय, पण दुपारच्या जेवणाच्या आधीच उतरतंय." बिड्या २५ वरून १४ वर आल्या, त्याखाली येईनात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बिडीच्या धुरातून अंगात जाणारा वायू, २४ पीपीएम (दहा लाखांत २४ भाग).

या वेळी "इच्छाशक्ती कमी" असं कुणी लिहिलं नाही, हे चांगलं झालं. पण त्याच्या जागी दुसरं सोपं उत्तर आलं: "एचआयव्हीच्या गोळ्यांमुळे निकोटिन लवकर जळतं." हे अर्धंच खरं होतं, आणि ते का हे नीट पाहायला हवं.

निकोटिन शरीरात कसं संपतं

निकोटिनचा मोठा भाग, साधारण ७० ते ८० टक्के, यकृतात कोटिनिनमध्ये बदलतो. हे काम मुख्यतः सीवायपी२ए६ या विकराचं. तेच विकर पुढे कोटिनिनचं हायड्रॉक्सिकोटिनिन करतं. निकोटिनचं अर्धायुष्य सुमारे दोन तास आणि कोटिनिनचं सोळाच्या आसपास. म्हणून नियमित तंबाखू घेणाऱ्याच्या रक्तातलं हायड्रॉक्सिकोटिनिन आणि कोटिनिन यांचं गुणोत्तर पाहिलं की हे विकर किती जोरात चालतंय याचा अंदाज येतो. गुणोत्तर जास्त असेल तर निकोटिन लवकर उतरतं, तलफ लवकर येते आणि पॅच कमी पडतो. अशा माणसांना पॅचपेक्षा व्हेरेनिक्लिन ही तंबाखू सोडण्याची बिननिकोटिनची गोळी जास्त उपयोगी पडते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

एचआयव्हीसह जगणाऱ्या धूम्रपींमध्ये हे गुणोत्तर इतर धूम्रपींपेक्षा जास्त आढळलं आहे, आणि एफाविरेन्झ घेणाऱ्यांत त्याहून वर. म्हणजे २०१९ ची गम कमी पडण्यात एफाविरेन्झचाही हात असू शकतो. पण जुलै २०२२ मध्ये एफाविरेन्झ बंद होऊन वर्ष उलटलं होतं. विकरावरचा त्याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, आणि डोल्युटेग्राविर हे विकर वाढवत नाही. तेव्हा या वेळी एचआयव्हीच्या गोळ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

संशय घ्यायचा तर रिफाम्पिसिनवर. मानवी यकृतपेशींत ते सीवायपी२ए६ वाढवतं. दुसरीकडे, त्याच गोळीतलं आयसोनियाझिड प्रयोगशाळेत हेच विकर थोडं दाबतं. या रुग्णाचं गुणोत्तर मोजलं गेलं नाही, तशी सोय जिल्ह्यात नव्हती. म्हणून "निकोटिन लवकर उतरतं" हा इथे तर्क होता, निदान नव्हे. हिशेब मात्र सोपा आहे: शरीर निकोटिन दीडपट वेगाने काढू लागलं तर त्याच पॅचवरची पातळी एक तृतीयांशाने खाली येते. तलफ वाढायला तेवढं पुरतं.

वळण: पट्टी कुठे लावता?

तिसऱ्या भेटीत ताईंनी औषधाबद्दल न विचारता दिवसाबद्दल विचारलं. उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने.

"पट्टी कधी लावता, मामा?"

"सकाळी सहाला, दंडावर."

"आणि काढता कधी?"

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "कामाला निघताना काढतोय की. वखारीत बनियनवर असतोय आम्ही. उघड्या दंडावर दिसती, चारजण विचारत्यात, हे काय डकवलंय म्हणून. मग काय सांगू?"

पॅच साडेआठला निघत होता. चोवीस तासांचं औषध अंगावर जेमतेम अडीच तास होतं. दुपारी "उतरत" होतं ते यामुळे. ज्या दिवशी काढत नसत त्या दिवशी घामाने आणि जर्द्याच्या बारीक धुळीने कडा सुटायच्या.

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. विकराची चर्चा दोन आठवडे चालली होती, आणि दंडाचा प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागली. विकराचं ज्ञान निरुपयोगी ठरलं असं मात्र नाही. पुढचं औषध निवडताना तेच कामी आलं. फक्त क्रम उलटा झाला होता. आधी औषध अंगात खरंच जातंय का ते पाहायचं, मग ते किती वेगाने बाहेर पडतंय याचा विचार करायचा.

पर्याय

एक: पॅच जागा बदलून चालू ठेवणं. नितंबाच्या वरच्या भागावर, कोरड्या आणि केस नसलेल्या कातडीवर, तळहाताने दहा सेकंद दाबून, रोज जागा बदलत. जोडीला तलफेच्या वेळी ४ मिलिग्रॅम गम. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा चांगलं काम होतं. पण दाढा पडलेल्या, उरलेल्या हलणाऱ्या, त्यामुळे गम चावणं अवघड. आणि वखारीत गम तोंडात धरून काम करणं म्हणजे पुन्हा प्रश्न.

दोन: ब्युप्रोपिऑन. रिफाम्पिसिन त्याची पातळी खूप खाली आणतं, आणि झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका दोन्हीकडून वाढतो, कारण आयसोनियाझिडमुळेही झटके येऊ शकतात. हा पर्याय लगेच बाद झाला.

तीन: व्हेरेनिक्लिन. ते बहुतांशी न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं, यकृतातल्या विकरांची फिकीर त्याला नाही. म्हणून रिफाम्पिसिन असो वा नसो, मात्रा तीच. फ्रान्समध्ये एचआयव्हीबाधितांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवव्यापासून अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यापर्यंत सलग बिनधूर राहिलेले व्हेरेनिक्लिन गटात १५ टक्के आणि बिनऔषधी गोळीच्या गटात ६ टक्के होते. फरक स्पष्ट आहे, पण शंभरातल्या पंच्याऐंशींना त्यानेही पूर्ण जमलं नाही, हेही त्यातच आहे. रुग्णाला दोन्ही सांगण्यात आलं.

चार: क्षयाचे उपचार संपेपर्यंत थांबणं. काहींचं मत तसं होतं, गोळ्यांचा भार आधीच मोठा म्हणून. पण क्षयातून उठणाऱ्या फुफ्फुसांना आणखी चार महिने धूर देणं, हा थांबण्याचा खर्च होता. तो मान्य झाला नाही.

तिसरा पर्याय ठरला. त्याआधी मूत्रपिंड तपासणं आवश्यक होतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो रक्तातला घटक, १.२. वय आणि वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची गती, मिनिटाला सुमारे ५२ मिलिलिटर. मात्रा कमी करावी लागते ती ३० च्या खाली. इथे एक बारकावा आहे: डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनचं लघवीत उत्सर्जन अडवतं, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असतानाही आकडा थोडा चढा दिसतो. तो पाहून घाबरून मात्रा अर्धी करायची नाही. टेनोफोविर चालू असल्याने तपासणी मात्र दर तीन महिन्यांनी ठेवली.

काय केलं

ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. बिडी सोडण्याचा दिवस आठवा. तो सोमवार पडेल असं पाहिलं, कारण वखारीला रविवारी सुट्टी आणि घरी बसून तलफ जास्त येते.

दिवसाची घडी कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिली. कागदावर औषधांची नावं नाहीत, फक्त रंग आणि वेळा. सकाळी सहाला रिकाम्या पोटी क्षयाच्या गोळ्या. आठला भाकरी खाऊन टीएलडी आणि व्हेरेनिक्लिन, भरपूर पाण्याबरोबर. रात्री आठला जेवून डोल्युटेग्राविर आणि दुसरं व्हेरेनिक्लिन. व्हेरेनिक्लिनने मळमळतं, पण ते पोटभर खाण्यावर घेतलं तर बरंच कमी होतं. क्षयाच्या गोळ्यांनीही मळमळतं, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर. मळमळ वाढून डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर ती व्हेरेनिक्लिनच्या माथी मारू नये, यकृताची तपासणी त्याच दिवशी करावी, हे लाल शाईत.

दुसऱ्या आठवड्यात भडक स्वप्नं पडू लागली. संध्याकाळची गोळी पाच वाजता पोहे किंवा चुरमुऱ्यांबरोबर घ्यायला सांगितली आणि तक्रार कमी झाली.

तिसऱ्या आठवड्यात धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. गोळी बंद करायची तयारीच झाली होती. विचारपूस केल्यावर कळलं की दिवसाला आठ कप चहा चालू आहे, आणि दम्यासाठी एका खाजगी डॉक्टरांनी दिलेली थिओफायलीनची गोळीही. बिडीच्या धुरातले घटक सीवायपी१ए२ हे वेगळं विकर वाढवतात. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. बिडी सुटताच ते विकर काही दिवसांत खाली येतं आणि तेवढ्याच चहातलं कॅफीन आणि तेवढंच थिओफायलीन अंगात जास्त वेळ राहतं. पुढे रिफाम्पिसिन थांबलं की थिओफायलीन आणखी चढलं असतं. त्या डॉक्टरांशी बोलून गोळी बंद केली, ओढायचा पंप दिला, चहा चार कपांवर आणला. पाच दिवसांत धडधड थांबली. बिडी सोडणाऱ्या प्रत्येकाला चहा निम्मा करायला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ते इथे राहून गेलं.

वखारीत चाळणीचं काम बदलून मागितलं ते क्षयाचं कारण सांगून. क्षय सांगता येतो. पोती शिवण्याच्या बाजूला काम मिळालं, तिथे धूळ कमी.

तपासण्यांनी केलेला घोटाळा

चौथ्या आठवड्यात कार्बन मोनॉक्साइड ३ पीपीएम. सहाव्या आठवड्यात कुणीतरी बाहेरून लघवीतलं कोटिनिन दाखवणारी चाचणीची पट्टी करून आणायला सांगितलं आणि ती होकारार्थी आली. "मामा लपवताहेत" असं बोललं गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वखारीत काम करणाऱ्याच्या अंगात कातडीतून आणि धुळीतून निकोटिन जातंच. तो खुलासा सगळ्यांना पटला आणि पट्टी बाजूला ठेवली गेली.

तो खुलासाही अपुरा होता. दहाव्या आठवड्यात त्यांच्या संमतीने पत्नी सोबत आल्या आणि सहज म्हणाल्या, "बिडी सुटली, पण माझी मिश्री संपाय लागली." बिडी सोडल्यावर पोट साफ होईना, म्हणून पहाटे मिश्री लावायला सुरुवात झाली होती. पुढे दुपारीही. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवर घासतात, आणि तिच्यात धूर नसल्यामुळे श्वासाची तपासणी तिला पकडत नाही. कोटिनिन पकडतं, पण धूळ आणि मिश्री यांत फरक करत नाही. एकाही पट्टीने जे सांगितलं नसतं ते "सध्या दात कशाने घासता?" या प्रश्नाने कळलं असतं.

काय निष्पन्न झालं

क्षयाचे उपचार नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले, थुंकी स्वच्छ. डोल्युटेग्राविरची जादा गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवली, कारण रिफाम्पिसिनने वाढलेली विकरं तेवढ्या काळात ओसरतात. वजन ५३ किलो. व्हेरेनिक्लिन आणखी बारा आठवडे वाढवलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाताना टेम्पोत तीन बिड्या ओढल्या गेल्या, परतल्यावर आणखी चार दिवस रोज दोन-तीन. पाचव्या दिवशी ते स्वतः केंद्रात आले. कार्बन मोनॉक्साइड ११. रागावण्यात वेळ न घालवता गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या आणि दोन आठवड्यांत आकडा ४ वर आला. चुकल्यावर माणूस लपून न राहता दारात येतो, हे पहिल्या नोंदीपासूनचं मोठं अंतर आहे.

ऑगस्ट २०२३ ला वर्ष पूर्ण झालं तेव्हा बिडी शून्य, विषाणूभार दाबलेला. मिश्री दिवसातून एकदा, पहाटे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत तंबाखूच्या सगळ्या रूपांची यादी करायला हवी होती: बिडी, मिश्री, चुना-तंबाखू, गुटखा, आणि कामावरची धूळ. फक्त "बिड्या किती?" विचारलं तर उत्तर तेवढंच मिळतं. बद्धकोष्ठाची तयारीही पहिल्या दिवसापासून हवी, म्हणजे कोमट पाणी आणि रात्री इसबगोल. ती असती तर मिश्रीला शिरायला दार मिळालं नसतं.

पॅच देताना तो कुणाला दिसेल, हा प्रश्न औषधाच्या मात्रेइतकाच आवश्यक होता. आणि रिफाम्पिसिन सुरू होताना जशी डोल्युटेग्राविरची मात्रा आपोआप बदलली गेली, तसंच यादीतल्या प्रत्येक औषधाकडे, बाहेरच्या डॉक्टरांच्या गोळ्या धरून, पाहायला हवं होतं. इथला रुग्ण कर्नाटकात नोंदलेला असतो आणि खोकला वाढला की कोल्हापूरला किंवा कागलला जाऊन येतो. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एका पिशवीत आणायला सांगावं.

लघवीची कोटिनिन पट्टी वखारीतल्या माणसाला देऊच नये.

मिश्रीसाठी आता पत्नीचीही नोंद झाली आहे. तव्यावर मिश्री त्याच भाजतात, आणि त्यांना एकोणीस वर्षांची सवय आहे. दोघांची पुढची तारीख एकाच दिवशी ठेवली आहे.